‘एक भगिनी’ म्हणजे कोण?

पत्र फार सौजन्याचं होतं. मराठी स्त्रियांच्या भक्तिकवितेचं एक संकलन निघतंय असं कळल्यावर मी आजीच्या वहीतल्या अकरा रचना उतरवून काढल्या आणि संपादकांकडे पाठवल्या. त्यांचं उत्तर आलं. रचना भावपूर्ण आहेत, ऐतिहासिकदृष्ट्या मोलाच्या आहेत. परंतु संकलनाचा धागा मराठी भक्तिपरंपरेचा असल्याने त्या त्यात बसत नाहीत. एखाद्या मिशनच्या संग्रहालयाकडे किंवा धर्मांतराच्या अभ्यासकाकडे त्या सोपवाव्यात, तिथे त्यांचं चीज होईल.

मी तीस वर्षं शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं आहे. ‘भावपूर्ण’ हा शब्द नकाराच्या आधी येतो, हे मला माहीत आहे. त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते ‘परंपरेत बसत नाहीत’ या तीन शब्दांचं. कारण हे तीन शब्द त्या संपादकांचे एकट्याचे नाहीत. थोडे वेगळे करून ते मी चर्चमध्ये ऐकले आहेत, विद्यापीठातून आलेल्या मुलीच्या तोंडून ऐकले आहेत आणि माझ्या स्वतःच्या घरातही ऐकले आहेत.

आधी वहीबद्दल सांगते. आम्ही भोपाळचे. वडील नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी दोन कामांसाठी टिकली, भांडणासाठी आणि प्रार्थनेसाठी. आजी मात्र शेवटपर्यंत नगर जिल्ह्यात राहिली, नेवाशापासून काही कोसांवरच्या एका गावात. महारवाड्यात जन्मली, मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली आणि पुढे बरीच वर्षं बायबलबाई म्हणून गावोगाव चालत हिंडली. तिची वही म्हणजे शाळेचा एक कोरा राहिलेला हजेरीपट. मुलांच्या नावांसाठी आखलेल्या रकान्यांवरून तिचं मोठं, गोल अक्षर आडवं गेलेलं आहे. पहिल्या पानावर 1938 हे साल आहे.

त्या वहीत फक्त कविता असत्या तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. तिच्यात शब्बाथशाळेत मिळणारी रंगीत चित्रांची कार्डं आहेत, लग्नपत्रिका आहेत, ‘ज्ञानोदया’तली कात्रणं आहेत, खोकल्यावरचा काढा आहे, कुणाला किती पायल्या ज्वारी उसनी दिली त्याची टिपणं आहेत. सगळं कणकेच्या खळीने चिकटवलेलं. खळ कसरीला आवडते, त्यामुळे कित्येक पानांना जाळी पडली आहे. आणि या सगळ्याच्या मधल्या जागांत, कधी लग्नपत्रिकेच्या मागे, कधी काढ्याच्या खाली, ओव्या आहेत. सुमारे दीडशे.

त्यातली एक अशी:

माझ्या येशूच्या पायाला चालूचालू फोड आले
उंबऱ्याशी टेकला त्यो, म्या पानी ऊन केले

या ओवीच्या शेजारीच एक छापील कात्रण चिकटवलेलं आहे. कुठल्याशा मंडळीच्या नाताळ अंकातलं असावं. त्यात हीच ओवी आहे, पण सुधारून घेतलेली:

प्रभूचे कोमल चरण मार्गक्रमणे श्रमले
क्षालनास्तव मी दासी उष्ण जल सिद्ध केले

आणि खाली कवयित्रीच्या नावाच्या जागी दोनच शब्द: एक भगिनी.

सुधारणाऱ्याने काय केलं ते नीट पाहा. फोड गेले. फोड आलेला पाय हा चालणाऱ्याचा पाय असतो, आणि आजी स्वतः दिवसाला चार-पाच कोस चालायची, तिला तो पाय आतून माहीत होता. त्या जागी ‘कोमल चरण’ आले. म्हणजे हा माणूस कुठून चालत आला नाहीच, चित्रातून उतरला. उंबरा गेला. महारवाड्यातल्या उंबऱ्यावर वाटसरू टेकतो म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला ओवीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटेल. जात न विचारता, बोलावण्याची वाट न पाहता कुणीतरी तिथे बसलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. इथे ती उलटी त्याच्यासाठी पाणी तापवते. तेही काही पूजा म्हणून नाही, लांबून आलेल्या माणसाला ऊन पाणी द्यायचं असतं म्हणून. आणि ‘म्या’ची ‘मी दासी’ झाली. मिशनच्या बंगल्यावर आजीने दोन वर्षं कपडे धुतले होते, तेव्हा ती दासी होती म्हणा हवं तर. पण कवितेत ती कुणाची दासी नव्हती. दीडशे ओव्यांत हा शब्द एकदाही नाही, मी मोजलं आहे.

मला नेहमी वाटतं, तिने ते कात्रण आपल्या ओवीच्या शेजारी का चिकटवलं? छापून आल्याचा आनंद असेल. पण मग स्वतःची ओवी खोडून टाकली असती, किंवा छापील रूप पाठ केलं असतं. तसं काही केलं नाही. दोन्ही शेजारी ठेवली. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं.

आता संपादकांच्या परंपरेकडे येते. त्यांचं संकलन मुक्ताबाई आणि जनाबाईपासून सुरू होतं. व्हायलाच हवं. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसतो, दळू लागतो, हे आपण सातशे वर्षं डोळ्यांत पाणी आणून सांगत आलो. देव कष्टकरी बाईच्या घरात शिरतो, तिच्या कामाला हात लावतो, ही मराठी भक्तीची खास खूण आहे असं मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. मग तोच देव, दुसऱ्या नावाने, पायाला फोड घेऊन माझ्या आजीच्या उंबऱ्याशी टेकला, तर तो परदेशी कसा होतो? ओवी तीच, जातं तेच, दळणारे हात त्याच कामाचे. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशाला सांगितली गेली, तो पैसाचा खांब आजीच्या वाटेवर होता. तिथल्या देवळात तिच्या आजोबांना पाऊल टाकता आलं नसतं, पण ओवीला कुणी अडवू शकलं नाही. ती महारवाड्यात आधीपासूनच होती.

आणि ख्रिस्ती ओवी ही काही आजीने काढलेली टूम नव्हे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. म्हणजे मराठीत छापखान्याचं कवितेशी लग्न लागलं तेच या ओवीने. ‘ज्ञानोदय’ 1842 पासूनचा. कृष्णरत्न सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, वीणा-टाळांसह. हे सगळं वाङ्मयेतिहासात एका प्रकरणात मिळतं. त्या प्रकरणाचं नाव ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ असतं, ते पुस्तकाच्या शेवटाकडे असतं आणि परीक्षेला विचारत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण कुणीतरी पुढे करीलच, म्हणून मीच करते. ‘स्मृतिचित्रे’ आपण डोक्यावर घेतली, त्यात ढोंग नाही; ते पुस्तक तसंच आहे. पण रेव्हरंड टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेलं. पुरुषाने दहा लिहिले, बाईने चौसष्ट. ते किती जणांनी उघडून पाहिलंय? त्यांची ‘भरली घागर’ किती जणांच्या कपाटात आहे? लक्ष्मीबाईंचा विनोद आपल्याला हवा, सोवळ्याची फजिती हवी, संसारातली ओढाताण हवी. पण ज्या श्रद्धेपायी ती बाई हे सगळं जगली, ती श्रद्धा कवितेत आली की आपण पान उलटतो. गद्यात ख्रिस्ती चालतो, भक्तीत नाही, असा काहीतरी अलिखित करार आहे.

शिवाय लक्ष्मीबाईंना निदान नाव राहिलं. या अंकात शेजारी इतर भाषांतली पानं असतील, म्हणून त्या वाचकांसाठी आणखी एक नाव घेते. एलन लक्ष्मी गोऱ्हे. काशीच्या नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेमिया गोऱ्हे यांची मुलगी, जन्म 1853. वाढली इंग्लंडात, लिहिलं इंग्रजीत. तिचं एक भक्तिगीत जगभरच्या इंग्रजी स्तोत्रसंग्रहांतून गायलं गेलं, तिच्या नावासकट. मल्याळममध्ये मेरी जॉन तोट्टम, पुढच्या सिस्टर मेरी बेनीन्या, यांनी मठात जाताना जगाचा निरोप घेणारी कविता लिहिली आणि मल्याळी वाचकांनी ती भाषेची म्हणून ठेवून घेतली, पंथाची म्हणून बाजूला सारली नाही. मग प्रश्न ख्रिस्ती असण्याचा कमी आणि कुठल्या मराठीत, कुठल्या वाड्यात राहून लिहिलं याचा जास्त, असं मला म्हणावंसं वाटतं. गोऱ्ह्यांच्या मुलीला पुस्तक मिळालं. माझ्या आजीला हजेरीपट.

पण सगळा राग साहित्यिकांवर काढून मोकळं होणं सोपं आहे. ‘एक भगिनी’ हे दोन शब्द साहित्यिकांनी छापले नव्हते. ते आमच्याच मंडळीने छापले. नम्रता म्हणून, असं मला एका वृद्ध पाळकांनी समजावलं. भक्तिगीत प्रभूचं असतं, नावाचा सोस कशाला? मी त्यांना एवढंच विचारलं की आपल्या उपासनेच्या पुस्तकात टिळकांच्या गीतांवर टिळकांचं नाव असतं, सांगळ्यांच्या गीतांवर सांगळ्यांचं. त्यांना कुणी ‘एक बंधू’ का केलं नाही? ते हसले. चांगले गृहस्थ होते. उत्तर दिलं नाही.

भाषा सुधारण्याचंही तेच. ज्या मंडळीत निम्म्याहून अधिक लोक ‘म्या’ आणि ‘न्हाई’ बोलत होते, तिथे प्रभूशी बोलताना ‘क्षालनास्तव’ लागत होतं. गरिबाघरच्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल हवं म्हणून पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. 1922 साली त्या गेल्या, आणि केडगावच्या मुक्तीतल्या छापखान्यातून ते 1924 साली पुरं बाहेर आलं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं त्या रमाबाई खाली उतरून आल्या. आणि ज्यांच्या घरात कधी संस्कृत नव्हतं ते आमचे लोक चढून बसायला धडपडत होते. कारण कळतं मला. शुद्ध बोललं की वाडा सुटतो, असं वाटायचं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण हा गुन्हा मीही केला आहे. नववीत असताना सुट्टीत आजीकडे गेले होते. मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं आणि हातात लाल शाईचं पेन होतं. मी तिच्या वहीतली सतरा पानं ‘तपासली’. न्हाईचं नाही केलं, पानीचं पाणी, त्योचं तो. तिला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “ग्वाड दिसतंय, कुकू लावल्यावानी.” मला ती शाबासकी वाटली. आज वही उघडते तेव्हा ती लाल टिंबं आधी दिसतात. ती पुसता येत नाहीत. मी एका जाणकाराला विचारून पाहिलं, कागद फाटेल म्हणाला.

मग त्या विद्यापीठातल्या मुलीची गोष्ट. हुशार मुलगी, मनापासून आलेली. दोन दिवस राहिली, फोटो काढले. पण फोटो घेताना कविता तेवढ्या चौकटीत घ्यायची. काढा, उसनवारी, लग्नपत्रिका सगळं बाहेर. आणि प्रश्न एकच, फिरून फिरून: आजींनी धर्म का बदलला? मी सांगितलं, आजीने धर्म बदललाच नाही. ती ख्रिस्ती घरातच जन्मली. तिच्या वडिलांनी बदलला, दुष्काळाच्या मागून. मुलीच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. कविता पुरावा म्हणून हवी होती आणि पुरावा चुकीच्या पिढीतला निघाला.

हे पाहा, बाई बायबलबाई होती, मिशनचा पगार घ्यायची, तेव्हा तिच्या कविता मिशनच्या प्रचाराच्या, हा आक्षेप मला मान्य आहे, काही आहेतही. पन्नासेक ओव्या अगदी धड्यासारख्या आहेत, मी त्या कुणाला वाचायला देणार नाही. पण 1972 च्या दुष्काळातली ही पाहा. तेव्हा आजी साठीला आलेली, आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, जिला सगळे मिलो म्हणत:

रोजची भाकर मागितली, तवा धाडली तू मिलो
घशाखाली उतरंना, पन खाऊनशान जगलो

ही प्रभूच्या प्रार्थनेतली रोजची भाकर आहे. ती मागितली, ती आली, आणि घशाखाली जाईना. हे आभार आहेत की तक्रार? मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘जगलो’ म्हणताना आवाज कुठे लागतो त्यावर ते अवलंबून आहे, आणि आजीचा आवाज आता नाही. ही ओळ कुठल्या मिशनने शिकवली असेल? उलट मिलो अमेरिकेची आणि मिशनही अमेरिकेचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण मूळ पानावर ही ओवी कुठे आहे, तर खडी फोडायच्या कामावर कोण किती दिवस गेलं त्या यादीच्या खाली. यादीत तिच्या दोन सुना आहेत. ती यादी कापून टाकली की ओवी विनोदी वाटते. यादीसकट वाचली की हसू येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की वही छापायची तर पानंच्या पानं, जशीच्या तशी छापा. निवडक भावपूर्ण अकरा नकोत. (अकरा मीच निवडल्या होत्या, तेव्हा मलाही अक्कल नव्हती.) गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट. लोकगीत म्हणजे निनावी, ही आपली जुनी सोय त्यांनी मोडली. मग चर्चच्या आणि घरच्या वह्यांना ती सोय अजून का हवी?

त्याचं उत्तर वहीतल्या एका पानाने मला दिलं. त्या पानावर डावीकडे शुभ शुक्रवारचं कार्ड आहे, वधस्तंभाचं. उजवीकडे डिसेंबर 1956 च्या वर्तमानपत्रातला फोटो आहे, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचा. दोन्ही एकाच खळीने, एकाच दिवशी लावल्यासारखी. खाली चार ओव्या आहेत, त्या मी इथे देत नाही. मंडळीची स्मरणिका काढणाऱ्यांनी हे पान नको म्हटलं, राजकारण होईल म्हणून. आणि माझा चुलतभाऊही नकोच म्हणाला, पण वेगळ्या कारणाने.

त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे काका, नंतर बौद्ध झाले. मनापासून झाले, आजीने त्यांच्या घरी जाऊन गोड खाल्लं. आता भावाच्या मुलाच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी चालू आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गावाने मात्र आमची जात कधीच बाहेर ठेवली नाही, पाणवठ्यावर ती रोज आमच्या आधी पोचायची. भाऊ म्हणाला, “ताई, दक्षता पथक घरी येऊन चौकशी करून गेलंय. उद्या कुणी पुस्तक पुढे केलं, आजीचं पूर्ण नाव, गाव, बायबलबाई म्हणून फोटो, तर पोराने काय सांगायचं? त्याचं वर्ष जाईल.” मी त्याला म्हटलं, आजीचं नाव लपवून तुझ्या पोराला न्याय मिळणार असेल तर तो कसला न्याय? तो म्हणाला, “न्याय नको, दाखला पाहिजे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर मी त्याच्यावर चिडले, आणि सकाळी ज्यांच्यावर चिडायला हवं ते बरंच लांब, दिल्लीत बसलेले आहेत हे ध्यानात आलं. मंडळीने तिला नम्रतेपायी ‘एक भगिनी’ केलं, संपादकांनी परंपरेपायी, आणि आता तिच्याच नातवाला एका कागदापायी करावं लागतंय. पहिल्या दोघांशी मी भांडेन. तिसऱ्याशी भांडायला मला तोंड नाही.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल की या सबंध लेखात मी आजीचं नाव लिहिलेलं नाही. गावाचंही नाही. दोन हजार शब्द निनावीपणाविरुद्ध लिहिले आणि शेवटी मीही तिला नुसती ‘आजी’ म्हणूनच छापते आहे. भावाला हा मजकूर पाठवला तेव्हा त्याचा फोन आला. ओव्या ठेव म्हणाला, मिलोची तर ठेवच. पडताळणी समितीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दाखला हातात पडला की मीच तुला सांगेन, मग नाव घाल, वडलांच्या नावासकट घाल, असं म्हणाला. वहीवरची धूळ मी पुसून ठेवली आहे. कसरीसाठी पानांत कडुनिंबाचा पाला घातला आहे, तो दर महिन्याला बदलते.